कंबरदुखी, युरियाच्या गोण्या आणि डेडलिफ्ट

आमचं अमळनेर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मीच बघतो. खरीप आला की जून-जुलैत जेवायलाही वेळ नसतो, एकीकडे कपाशीच्या बियाण्याला गर्दी, दुसरीकडे खताची गाडी उभी, हमाल असतात पण गाडी लवकर खाली व्हावी म्हणून मी पण हात लावायचो. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, पहिले ५० ची होती, डीएपी अजूनही ५० चीच. पंधरा वर्षं हे केलं, कंबरेला कधी काही झालं नाही. आणि कंबर धरली ती कशाने, तर जुलै २०२३ मध्ये काउंटरखाली पडलेलं बियाण्याचं पाकीट उचलायला वाकलो तेव्हा. अर्धा किलो पण भरत नाही ते पाकीट. वाकलो आणि डाव्या बाजूला अशी कळ आली की सरळच होता येईना, काउंटरला धरून तसाच उभा, अंगाला घाम फुटलेला. समोरचं गिऱ्हाईक विचारतंय, "काय व्हयनं भाऊ?" आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता.

पहिले चार दिवस बाजेवरच होतो. कूस बदलायची तरी बायकोला हाक मारावी लागायची. गोळ्या घेतल्या, इंजेक्शन घेतलं, एका गावी कंबर चोळून देणारे आहेत तिथेही जाऊन आलो, दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. मग डाव्या कुल्ल्यातून मांडीपर्यंत ओढल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा घरचे घाबरले आणि जळगावला जाऊन एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं की एल ४-एल ५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांत, डिस्क बल्ज आहे, म्हणजे मधली गादी बाहेर फुगलीय, डिस्कमधलं पाणी कमी झालंय, झीज आहे. जिथे दाखवलं त्यांनी दोन मिनिटं फोटो बघितले आणि सांगितलं की कंबरेचा पट्टा बांधा, खाली वाकू नका, आणि यापुढे आयुष्यात वजन उचलायचं नाही.

हे एक वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की त्यापुढचे सात-आठ महिने मी त्याच्याच हिशोबाने जगलो. दुखण्यापेक्षा जास्त नुकसान त्या वाक्याने केलं हे मी आज पूर्ण जबाबदारीने लिहितोय. दिवसभर पट्टा बांधून काउंटरला बसायचं, उठताना आधी दोन्ही हात टेबलावर, बुटाची लेस बांधायची नाही म्हणून चपलाच घालायच्या, मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, ती हात वर करून यायची आणि मी तिला उचलायचो नाही. आई रोज बजावायची, "पोऱ्या, जड नको उचलजो." गाडी आली की मी लांब खुर्ची टाकून बसायचो आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आमचा हमाल गोणीवर गोणी वाहायचा, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि एवढं जपूनही दुखणं काही कमी होत नव्हतं. उलट आधी गोणीला व्हायचा नाही तो त्रास आता पाण्याच्या कळशीला व्हायला लागला, एसटीत अर्धा तास बसलो तरी उतरताना वाकडा व्हायचो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मावसभावाने धुळ्याच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव सांगितलं. मला वाटलं शेक देतील, मशीन लावतील आणि पाठवतील. त्यांनी आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. लघवी-संडासवर ताबा आहे ना, दोन मांड्यांच्या मधल्या जागेत बधिरपणा आलाय का, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय का, ताप येतो का, कारण नसताना वजन उतरलंय का, आधी कधी कॅन्सर, कुठे पडलात का. मग झोपवून सरळ पाय वर उचलून बघितला, पायाचा अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर दाबायला लावला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. हे सगळं ठीक निघालं तेव्हाच त्या पुढचं बोलल्या. वाचणाऱ्यांपैकी कुणाला वरच्यातलं काही असेल, विशेषतः लघवीचा किंवा बधिरपणाचा प्रकार असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, तिथे नसांवर दाब असतो आणि तासातासाने फरक पडतो.

मग मी पिशवीतून एमआरआय काढला. त्यांनी नीट बघितला आणि जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. २०१५ मध्ये संशोधकांनी तीन हजारांवर अशा लोकांचे रिपोर्ट एकत्र करून बघितले होते ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती, त्यात चाळिशीच्या लोकांपैकी निम्म्यांना डिस्क बल्ज होता आणि विशीच्या पोरांमध्येही शंभरात तीस जणांना. म्हणजे माझ्या वयाची दोन ठणठणीत माणसं उभी केली तर त्यातल्या एकाचा रिपोर्ट माझ्यासारखाच येऊ शकतो. त्या म्हणाल्या की केस पांढरे होतात तशी डिस्कही वयाप्रमाणे बदलते, दुखतंय ते खरंच दुखतंय पण या फोटोवरून तुम्ही वजन उचलू शकता की नाही हे ठरत नाही. पट्ट्याचं विचारलं तर म्हणाल्या की जागतिक आरोग्य संघटनेने आत्ताच डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं हे करा म्हटलंय, आणि पट्टे, वजन लावून कंबर ओढणं हे सरसकट वापरू नका म्हटलंय. मी तर आठ महिने पट्टा बांधून होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, "दुकानात काय उचलावं लागतं?" मी म्हटलं युरिया, ४५ किलो. तर म्हणे, "मग तुमच्या कंबरेला ४५ जड वाटू नये इतकी ती ताकदवान करायला पाहिजे, तुम्ही तर तिला कळशीपुरती करून ठेवलीय."

परतीच्या एसटीत मी पूर्ण रस्ता हाच विचार करत होतो.

पहिला दीड महिना डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजन लावलेला बार उचलून सरळ उभं राहणं, वगैरे काही नव्हतं. रोज चालणं, सुरुवातीला दहा मिनिटं दोनदा, मग वाढवत अर्धा तास. चार पायांवर होऊन एक हात आणि उलटा पाय लांब करायचा, कुशीवर प्लँक म्हणजे कोपरावर अंग सरळ उचलून धरायचं, पाठीवर झोपून कुल्ले उचलायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमरेत न वाकता खुब्यातून वाकायला शिकणं. यासाठी त्यांनी काठी वापरली, काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि या तिन्ही जागा न सोडता कुल्ले मागे ढकलत वाकायचं, मागे भिंत असेल तर कुल्ले भिंतीला टेकवायला जायचे. मला वाटायचं मी सरळ पाठीने वाकतो, काठी लावल्यावर कळलं की पहिल्या दोन इंचातच काठी माकडहाडावरून सुटतेय. इथे त्यांनी एक गोष्ट बजावली होती की पाठ थोडी गोल झाली म्हणजे काही मोडणार नाही, रोजच्या कामात माणूस गोल पाठीने वाकतोच, पण वजन घेताना मांड्या आणि कुल्ल्यांना काम करू द्यायचं असेल तर हे वळण अंगात पाहिजे. आरतीच्या ताटाला वाकताना, मोटरसायकलचा स्टँड काढताना, सगळीकडे मी तेच करत बसायचो.

एप्रिलमध्ये गावातल्या व्यायामशाळेत गेलो. ती चालवणारे आप्पा जुने पहिलवान, यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली गाजवलेले, साठीच्या पुढचे. मी घाबरत सांगितलं की डिस्क आहे, मॅडमनी डेडलिफ्ट करायला सांगितलंय. ते काही बोलले नाहीत, आधी काठी घेऊन वाकून दाखव म्हणाले. बघितलं आणि म्हणाले, "वाकाले येस तुले. आते घाई नको करजो."

आता आपल्याकडच्या व्यायामशाळांची एक अडचण सांगतो कारण ती पुस्तकात कुठे लिहिलेली नसते. ऑलिंपिकचा बार २० किलोचा असतो आणि त्याच्या मोठ्या प्लेटा ४५० मिलीमीटर व्यासाच्या, त्यामुळे बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटीमीटरवर, म्हणजे नडगीच्या मध्यावर येतो. आमच्याकडे साधा लोखंडी रॉड आणि छोट्या प्लेटा. कमी वजन लावलं की रॉड घोट्यापाशी येतो आणि नवीन माणसाला उगाच जास्त खाली वाकावं लागतं. आणि रॉडचं वजन किती हे कुणालाच माहीत नाही, कोणी म्हणे दहा, कोणी म्हणे पंधरा. मी तो रॉड दुकानातल्या वजनकाट्यावर आणून मोजला, ९ किलो भरला, प्लेटा मोजल्या तर १० लिहिलेली एक ९.३ होती. मग आप्पांनी दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्यांची थप्पी लावून दिली, रॉड नडगीच्या मध्यावर येईल एवढी. सव्वा किलोच्या प्लेटा नव्हत्याच, सगळ्यात लहान अडीचची, म्हणजे एका वेळी पाच किलो वाढणार. ते मला जास्त वाटायचं म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पत्र्याच्या दोन चकत्या कापून घेतल्या, मधे भोक पाडून, काट्यावर सव्वा किलोला आणून. त्या दोन चकत्यांनी माझं सगळ्यात जास्त काम केलंय.

२० किलोने सुरू केलं. आठवड्यातून दोनदा जायचो पण वजन आठवड्यातून एकदाच अडीच किलो वाढवायचं, सलग पाच वेळा उचलायचं, असे तीन सेट. पहिल्या दिवशी रॉडजवळ उभा राहिलो तेव्हा हात खरंच थरथरत होते, वीस किलोसाठी नाही, ते वाक्य डोक्यात होतं म्हणून. पाय कुल्ल्यांइतके रुंद, रॉड बुटाच्या लेसवर, मागे कुल्ले ढकलत खाली, रॉड धरायचा, पोटात श्वास भरायचा आणि कुणी बुक्की मारणार आहे असं पोट सगळीकडून कडक करायचं, फक्त पुढून नाही तर बाजूंनी आणि कमरेच्या मागूनही, मग जमीन पायांनी खाली ढकलतोय असं समजून उभं राहायचं, रॉड पूर्ण वेळ पायाला घासून. श्वास वरती जाऊन सोडायचा. रक्तदाब असलेल्यांनी असा श्वास कोंडण्याआधी डॉक्टरांना विचारा, आप्पा स्वतः नव्या माणसाला आधी हेच विचारतात.

दुखण्याचं काय करायचं याचा मॅडमनी एक सरळ हिशोब दिला होता. शून्य ते दहा असं मोजायचं. करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. आलं तर पुढच्या वेळी ठरलेलं वजन, नाही आलं तर तेवढंच किंवा थोडं कमी. मी उधारीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो, तारीख, वजन, करताना किती, सकाळी किती. आता ती वही चाळली तर दिसतं की पहिले पाच-सहा आठवडे दुखणं काहीच कमी नव्हतं, तीन, तीन, दोन, तीन, चार. फक्त वजन वाढत होतं आणि दुखणं वाढत नव्हतं. मला हेच सगळ्यात मोठं वाटलं. जून उजाडला तेव्हा एक दिवस लक्षात आलं की सकाळी मी टेबलाला न धरता उठलोय आणि हे किती दिवसांपासून होतंय ते मला माहीतच नाही.

एप्रिल-मेमध्ये इकडे ऊन ४५ अंशांपर्यंत जातं, त्या पत्र्याच्या खोलीत दुपारी उभंही राहवत नाही, म्हणून पहाटे साडेपाचला जायचो. खाण्यात फार काही बदललं नाही, कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी-उडदाची घरात होतीच, त्याबरोबर मठाची उसळ, दूध, शेंगदाणे आणि दोन अंडी वाढवली. पावडर वगैरे घेतली नाही. झोपेचा मात्र फरक पडतो, हंगामात चार-पाच तास झोप झाली की त्या आठवड्यात वहीत सकाळचा आकडा वाढलेला दिसतोच दिसतो, वजन तेच असलं तरी.

ऑगस्टमध्ये ६० किलो झालं. म्हणजे युरियाच्या गोणीपेक्षा पंधरा जास्त. त्या दिवशी मी घरी येऊन मुलीला उचललं, तिला काही विशेष वाटलं नाही, ती मोबाईल मागत होती, मला मात्र गळ्यात आल्यासारखं झालं.

आणि मग सप्टेंबरमध्ये मी चूक केली. दोन-तीन पोरं भरतीची तयारी करणारी, शंभराच्या वर ओढत होती, मी ६५ वर होतो आणि सगळं सोपं वाटत होतं. त्या दिवशी सरळ ८० लावले. पहिलं रिपिटेशन गेलं, दुसऱ्याला कमरेत तीच कळ, तीच डावी बाजू. रॉड सोडला आणि तिथेच फरशीवर आडवा झालो. मला वाटलं झालं, ते डॉक्टर बरोबर होते, डिस्क फुटली, आता ऑपरेशन. रात्रभर झोप नाही.

सकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी परत तेच लघवी-बधिरपणा-ताकदीचे प्रश्न विचारले, मग म्हणाल्या चाला, झोपून राहू नका, तिसऱ्या दिवशी जा आणि ३० लावा. मी म्हटलं मॅडम भीती वाटते. तर म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही अर्ध्या किलोच्या पाकिटाने आठ महिने घालवले. या वेळी किती दिवस लागतात ते वहीत लिहा." तिसऱ्या दिवशी ३० किलो केलं, दुखणं चार. आठवड्याने ४०. मग ५०. अठराव्या दिवशी मी परत ६० वर होतो. आठ महिन्यांच्या जागी अठरा दिवस. माझ्यासाठी या पूर्ण प्रवासातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच, शंभर किलो नाही. कारण दुखणं परत येणार हे आता मला माहितीये, आणि ते येऊन जातं हेही माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

त्यानंतर उड्या मारल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये ८० झालं, नीट पायरीने, जूनमध्ये १००. सोबत स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बसणं-उठणं, सुरुवातीला मागे बाकडं ठेवून त्यावर टेकून उठायचं, आता ७० चे होतात. मला स्पर्धेत जायचं नाही. १०० नंतर मी वाढवणंही जवळजवळ थांबवलंय, आठवड्यात एकदा ८५-९० चे पाच-पाच करतो, तेवढ्यात माझं काम भागतं.

गोणीचं वेगळं सांगायला पाहिजे कारण गोणी म्हणजे रॉड नाही. तिला धरायला जागा नसते, ती ढिली असते, मधे दबते, आणि अंगापासून लांब राहते. आमच्या हमालाकडून मी ते आता नीट शिकलो, आधी कधी बघितलंच नव्हतं. तो गोणी आधी उभी करतो, पोटाशी घेतो, मांडीवर चढवतो आणि मग उठतो, आणि वळायचं असेल तर पाय फिरवतो, कंबर नाही. त्याला हे कुणी शिकवलं नाही, तीस वर्षांच्या कामाने शिकवलं. या खरिपात गाडी आली तेव्हा मी वीस गोण्या उतरवल्या आणि थांबलो, दुसऱ्या दिवशी वहीत सकाळचा आकडा दोन.

आईचं सांगायचं राहिलं. ती एकसष्ट वर्षांची आहे, अजूनही वेचणीला जाते, कापूस वेचायचा म्हणजे दिवसभर कमरेतून वाकून, पोटाला ओटी बांधलेली आणि ती भरत जाणारी. रात्री तिची कंबर दुखते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याला दुखणं म्हणून मोजतच नव्हतं, बाईमाणसाची कंबर दुखतेच असं धरून चाललेलं. मला जड उचलू नको म्हणणारी तीच एक दिवस संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाली, "मनी कंबर बी रातभर दुखस, माले बी दखाड तू काय करस ते." तिलाही आधी धुळ्याला नेऊन दाखवलं, तिची हाडं ठिसूळ आहेत का ते तपासून घेतलं, मग बाजेवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. महिनाभराने काठी. आता ती अर्धी भरलेली बादली दोन पायांच्या मधे ठेवून खुब्यातून वाकून उचलते, आठचे दोन सेट, नऊवारीचा काष्टा खोचून. वेचणीत मधे मधे सरळ उभी राहून दोन मिनिटं चालते, बाकीच्या बायांनाही चालवते.

रात्रीचं दुखणं तिचं गेलेलं नाही, कमी आहे, कूस बदलताना जाग येत नाही म्हणते. काल तिने विचारलं की बादलीत अजून एक तांब्या टाकू का. मी म्हटलं आधी सकाळचा आकडा सांग, ती म्हणे एक. मग टाकला एक तांब्या.